मुलांची पहिली मोठी सुट्टी घरी कशी काढायची: नव्या आईबाबांसाठी पायरी-पायरीने

मूल पहिलीत किंवा दुसरीत गेलं की पहिल्यांदा लक्षात येतं की ही सुट्टी किती लांबलचक असते. बालवाडीत असताना चालून जातं, पाळणाघर असतं, मूल दुपारी झोपतं. पण सहा-सात वर्षांचं मूल दुपारी झोपत नाही, मे महिना सुरू होतो आणि शाळा थेट जूनच्या मध्यावर, विदर्भात तर उन्हामुळे त्याच्याही नंतर जूनच्या शेवटाकडे. म्हणजे कमीत कमी सहा आठवडे. त्यात आईबाबा दोघं नोकरीला, घर दोन खोल्यांचं, खाली पार्किंगमध्ये गाड्या. सोसायटीतल्या नव्या पालकांना एप्रिल आला की एकच प्रश्न पडलेला असतो, आता याला दिवसभर करायला काय द्यायचं?

मला सगळ्यात आधी हे सांगायचंय की तुम्ही मुलांचं मनोरंजन करायचंच नाहीये. तुम्ही फक्त व्यवस्था लावायची. चार मित्र, हाताशी थोडं सामान, घरातलं एखादं खरंखुरं काम आणि उन्हाप्रमाणे बांधलेला दिवस एवढं जमवून दिलं की बाकीचं मुलं स्वतः करतात, आणि तुम्ही ठरवलं असतं त्याच्यापेक्षा छान करतात. तासातासाचं टाइमटेबल करून भिंतीवर लावणारे आईबाबा चौथ्या दिवशी दमून जातात हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं त्या व्यवस्थेबद्दल आहे.

पायरी १: आधी माणसं जमवा

सुट्टी लागायच्या आधीच्या आठवड्यात कागद घेऊन बसा आणि कुठल्या दिवशी घरी मोठं माणूस कोण आहे ते लिहून काढा. आजीआजोबा असतील तर त्यांना नीट विचारा, गृहीत धरू नका. सत्तरीच्या माणसाला सात वर्षांच्या मुलामागे सकाळी नऊ ते संध्याकाळी सात धावणं झेपत नाही आणि ते तोंडाने म्हणतही नाहीत. त्यांच्याकडे दिवसातले ठरावीक तास द्या, शक्यतो दुपारचे, कारण दुपारी बसून करायच्या गोष्टी असतात आणि त्यात आजीआजोबांइतकं भारी कुणीच नसतं.

मग आजूबाजूची तीन-चार घरं शोधा जिथे साधारण त्याच वयाची मुलं आहेत, आणि पाळी लावा. सोमवारी सगळी मुलं तुमच्याकडे, मंगळवारी दुसऱ्यांकडे, असं. चार मुलं एकत्र असली की एका मुलापेक्षा सांभाळायला सोपी जातात, हे ऐकायला उलटं वाटेल पण करून बघा, एकटं मूल दर दहा मिनिटांनी तुमच्याकडे येतं, चौघं आपापसात गुंततात. फक्त पाळीच्या घरांनी आधी बोलून घ्यायचं की खाणं काय द्यायचं, कुणाला कशाची ॲलर्जी आहे, टीव्ही लावायचा की नाही, आणि कुणाचं मूल किती वाजता घरी जाणार. प्रत्येक घरात सगळ्या आईबाबांचे नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फ्रीजवर लावा, मोबाईलमध्ये असले तरी लावा, कारण मुलांना अडचणीच्या वेळी कागद वाचता येतो, तुमचा फोन उघडता येत नाही.

शिबिरांबद्दल विचाराल तर एक शिबिर पुरे. सुट्टीच्या मधल्या एखाद्या आठवड्यात, सकाळचं, घराजवळचं. पैसे भरायच्या आधी जागा स्वतः जाऊन बघा: सावली आहे का, पिण्याचं पाणी आणि स्वच्छ बाथरूम आहे का, किती मुलांमागे एक ताई किंवा दादा आहे, आणि मूल घ्यायला आलेल्या माणसाची ओळख ते कशी पटवतात. या प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली नाहीत तर रंगीत जाहिरात कितीही छान असू दे, नको.

पायरी २: दिवसाचे तीन तुकडे

आपल्याकडचा उन्हाळा दिवस आपोआप वाटून देतो, सकाळी दहापर्यंत बाहेर, दहा-साडेदहा ते पाच घरात, पाचनंतर परत बाहेर. नागपूर-अकोला-जळगावकडे सकाळ नऊलाच संपते आणि संध्याकाळ सहाशिवाय सुरू होत नाही, कोकणात ऊन तेवढं नसलं तरी घामाने मूल गळून जातं, तेव्हा आपापल्या गावाप्रमाणे वेळ पुढेमागे करा.

यासाठी मुलांना सुट्टीतही लवकर उठवावं लागतं. हे नव्या पालकांना पटत नाही, सुट्टी आहे तर झोपू दे ना म्हणतात. पण मूल साडेनऊला उठलं की दिवसातला सगळ्यात चांगला तुकडा गेला, आता थेट पाच वाजेपर्यंत घरात कोंडलेलं, आणि मग दुपारी जी किरकिर होते तिचं मूळ सकाळच्या त्या झोपेत असतं. साडेसहा-सातला उठवा, दूध घेऊन खाली पिटाळा, सायकल, पोहणं, टेकडी, जे काय असेल ते. पुण्यात असाल तर टेकड्या आहेतच, सात वर्षांचं मूल तळजाई किंवा हनुमान टेकडी अगदी आरामात चढतं. पोहायला शिकवायचं असेल तर हाच महिना, पण शिकवणारा पाण्यात उतरलेला हवा, काठावरून शिट्टी वाजवणारा नको, आणि पहिले काही दिवस तुम्ही स्वतः बसून बघा.

पायरी ३: एक खोकं भरून ठेवा

हे काम फार महत्त्वाचं आहे आणि ह्याला खर्च जवळजवळ नाही. एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, मुलांच्या हाताला येईल अशा जागी ठेवा, आणि त्यात भरा: जुनी वर्तमानपत्रं, पार्सलचे पुठ्ठे, सुतळी, रिकाम्या काडेपेट्या, बाटल्यांची झाकणं, चिंचोके, जुने मोजे, शर्टाची बटणं, रंगीत खडू, बोथट टोकाची कात्री, पत्त्यांचे दोन जोड, गोट्या, दोन-तीन फासे. आणलेली खेळणी दोन दिवसांत कपाटावर जातात, ह्या खोक्यातलं सामान महिनाभर पुरतं, कारण त्याचं काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं.

चिकटवायला घरी खळ करा. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, मग कपभर पाणी घालून मंद गॅसवर ढवळत राहायचं, पारदर्शक झालं की उतरवायचं. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. पूर्वी खळ टिकावी, कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचे, ते विषारी असतं, मुलांच्या खळीत अजिबात घालू नका.

ज्यांना हाताने काही करून बघायची आवड आहे अशा मुलांसाठी अरविंद गुप्ता यांनी केलेली टाकाऊतली खेळणी शोधा. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे छोटे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती कशा करायच्या ते त्यांनी दाखवलंय, आणि त्यातून मुलाला स्वतःहून कळतं की चौकोन दाबला की वाकडा होतो पण त्रिकोण हलत नाही. त्यांचे व्हिडिओ मराठीतही आहेत आणि सगळं फुकट आहे. काड्यांचा गुल, म्हणजे टोकाचा पेटणारा भाग, आधी पाण्यात भिजवून काढून टाका म्हणजे पेटायची भीती नाही.

पायरी ४: दुपार

दुपारचेच सहा तास सगळ्यांना घाबरवतात. माझ्या मते दुपारचेही परत दोन भाग करावेत, जेवणाआधी घरातलं काम किंवा खेळ, आणि जेवणानंतर दोन तास शांत वेळ. शांत वेळ म्हणजे झोपलंच पाहिजे असं नाही, पण पडून राहायचं, पुस्तक वाचायचं, चित्र काढायचं, मोठ्याने बोलायचं नाही. घरात जो कुणी मोठा असेल त्याला हा वेळ लागतो आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांनाही लागतो. पहिले तीन-चार दिवस मूल दहा वेळा येऊन "कंटाळा आलाय" म्हणेल. येऊ दे कंटाळा. लगेच काहीतरी सुचवायला जाऊ नका, "हो का, बघ काय करता येतं" एवढंच म्हणा, आणि आठवड्याभरात तेच मूल खोक्यातून पुठ्ठा काढून दुकान मांडून बसलेलं दिसेल.

वाचायला पुस्तकं आणायची असतील तर जवळच्या वाचनालयाचं बालविभागाचं सभासदत्व घ्या, आणि पुस्तक मुलालाच निवडू द्या, चौथीतल्या मुलाने पहिलीचं चित्रांचं पुस्तक उचललं तरी चालेल. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात, आजोबांच्या लहानपणचा अंक काढून दिला की आजोबा आणि नातवंड दोघं एक दुपार गुंततात.

पत्ते. पत्त्यांना काही घरांत अजून वाईट समजतात, पण पैसे न लावता खेळलेले पत्ते म्हणजे गणित, स्मरणशक्ती आणि हरणं पचवणं तिन्ही एकदम. वयाप्रमाणे खेळ द्या म्हणजे रडारड होत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला भिकार-सावकार: पत्ते सारखे वाटायचे, न बघता एकेक मध्ये टाकायचा, वरच्या पत्त्याशी आकडा जुळला की सगळा गठ्ठा आपला. सात-आठ वर्षांच्याला बदाम सात: ज्याच्याकडे बदामाची सत्ती तो सुरू करतो, मग तिच्या वर अठ्ठी, खाली छक्की असं लावत जायचं, बाकीच्या रंगांची सत्ती आली की तो रंग उघडतो, लावता आलं नाही तर पास. यात दुसऱ्याला अडवून धरण्याची मजा मुलांना दुसऱ्याच डावात कळते. नऊच्या पुढच्यांना झब्बू, नॉट ॲट होम, आणि चौघं असतील तर मेंढीकोट, समोरासमोर बसलेले दोघं भिडू, चार रंगांच्या चार दश्श्या पकडायच्या, चारही मिळाल्या तर कोट. मेंढीकोटात भिडूवर विश्वास ठेवायला लागतो म्हणून भांडणारी भावंडं मुद्दाम एकमेकांचे भिडू करावीत.

आजीला चिंचोक्यांचा पट मांडायला सांगा. चिंचोका फरशीवर पाणी घालून घासला की त्याचे दोन भाग होतात, एक बाजू काळपट-तपकिरी, एक पांढरी, असे चार अर्धे चिंचोके म्हणजे तुमचे फासे. किती पांढरे वर पडले तेवढी घरं, चारही पांढरे तर चार, चारही काळे तर आठ. पट खडूने जमिनीवर काढायचा, पाच बाय पाच घरं, प्रत्येक बाजूच्या मधल्या घरात फुली आणि एक फुली अगदी मध्यात, फुलीवर बसलेली सोंगटी मारता येत नाही. कुणी याला अष्टाचल्लस म्हणतं, कुणी चौकाबारा, घराघरात नियम थोडे वेगळे असतात आणि आजीचा नियम शेवटचा. सागरगोटे घरात असतील तर तेही काढा, मुलगे खेळत नाहीत वगैरे काही नसतं, बोटांची सफाई सगळ्यांनाच लागते.

आणि पत्र. एक दुपार पोस्टकार्ड आणून गावच्या आजीला किंवा दुसऱ्या शहरातल्या मावसभावाला लिहायला लावा, पत्ता आणि पिनकोड मुलानेच लिहायचा, पेटीत त्यानेच टाकायचं. ते पोचलं का याची वाट बघण्यात पुढचे कित्येक दिवस जातात.

पायरी ५: ओटा आणि गच्ची

मुलांना खेळण्यापेक्षा खरं काम जास्त आवडतं, पण ते खरंच लागतं. उगीच दिलेलं काम त्यांना लगेच कळतं. आणि उन्हाळ्यात आपल्या घरांमध्ये खऱ्या कामांची कमी नाही, वाळवणं असतात.

नवशिक्यांनी साबुदाण्याच्या पळीपापड्यांपासून सुरुवात करावी, कुरडयांचा चीक पहिल्याच वर्षी करायला जाऊ नका, त्याला तीन दिवस गहू भिजवण्यापासून सगळं आलं आणि शिजवताना हात भाजायची भीती. पापड्यांसाठी साबुदाणा रात्री भिजत घालायचा, सकाळी लवकर मोठ्या माणसाने भरपूर पाण्यात मीठ-जिरं घालून तो पारदर्शक होईपर्यंत आणि पळीने सहज पडेल इतका पातळ शिजवायचा, कोमट होऊ द्यायचा. इथून पुढे काम मुलांचं. गच्चीवर प्लास्टिकचा स्वच्छ कागद अंथरून चार कोपऱ्यांना दगड, आणि छोट्या पळीने एकेक पापडी घालायची. वेड्यावाकड्या होतील, होऊ देत, तळल्यावर सगळ्या सारख्याच फुलतात. हे सगळं आठच्या आत आटपायचं, गच्चीची फरशी दहाला पाय पोळेल इतकी तापते. दिवसभर कावळे-चिमण्यांची राखण सावलीतल्या जिन्यातून, दोघादोघांनी पाळीने. संध्याकाळी उलटवायच्या, दुसऱ्या दिवशी परत ऊन, कडक वाजल्या की डब्यात. आणि अर्धवट ओल्या पापड्या मुलं खाणार, त्या खायलाच हव्यात, म्हणून थोड्या जास्तच घाला. गच्ची नसेल तर बाल्कनीत ताटांवर घाला, दोनाऐवजी तीन-चार दिवस लागतात एवढंच.

पन्हं मुलं जवळजवळ एकट्याने करू शकतात. दोन कैऱ्या कुकरला तुम्ही लावून द्या, गार झाल्यावर साल काढून गर हाताने कुस्करायचा, वाटीने मोजायचा, त्याच्या दुप्पट चिरलेला गूळ, चिमूट-दोन चिमूट मीठ, वेलची, सगळं एकजीव करून बरणीत भरून फ्रीजला. ग्लासात दोन-तीन चमचे आणि गार पाणी. मोजून दुप्पट घ्यायचं म्हणजे किती हे त्यांना विचारा, सुट्टीत पाढे पाठ करून घेण्यापेक्षा हे बरं. आंबे खाल्ल्यावर कोयी धुवून एक-दोन दिवस सावलीत सुकवून कुंडीत किंवा दुधाच्या पिशवीत लावायच्या, रोज थोडं पाणी, दोन-तीन आठवड्यांत कोंब येतो, तांबूस कोवळी पानं येतात. फणसाच्या आठळ्या उकडून किंवा भाजून खायच्या.

एक जबाबदारी पूर्ण सुट्टीभर एकाच मुलाच्या नावावर द्या. आमच्याकडे पक्ष्यांचं पाणी असतं: मातीचं पसरट भांडं, फार खोल नको, सावलीत आणि मांजरीच्या टप्प्याबाहेर, रोज घासून नवं पाणी. कोण कोण आलं ते वहीत लिहायचं. बुलबुल, साळुंकी, चिमणी, तांबट, सूर्यपक्षी, नाव माहीत नसेल तर चित्र काढून ठेवायचं. मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही, एखाद दिवस पाणी बदलायचं विसरलं तरी त्या मुलालाच आठवू द्या.

पायरी ६: संध्याकाळचे खेळ शिकवावे लागतात

आपल्याला वाटतं मुलांना खाली सोडलं की ती खेळतील. हल्लीच्या मुलांना बरेच खेळ माहीतच नसतात, आधी मोठी मुलं लहानांना शिकवायची, आता ती मोठी मुलं क्लासला असतात. म्हणून पहिले चार-पाच दिवस एका मोठ्या माणसाने खाली उतरून शिकवायचं, नंतर बाजूला व्हायचं.

लगोरीला सात चपटे दगड किंवा फरशीचे गुळगुळीत तुकडे आणि एक मऊ चेंडू लागतो, कडक टेनिसचा नको. एक टीम रेषेवरून चेंडू मारून लगोरी पाडते, मग दुसरी टीम चेंडूने त्यांना मारायला बघते आणि त्यांनी मार चुकवत सातही दगड परत रचायचे. डोक्यावर मारायचं नाही हा नियम खेळ सुरू व्हायच्या आधी सांगायचा. डबा ऐसपैसला एक रिकामा डबा पुरतो, लांब फेकायचा, राज्य असलेला तो आणून जागेवर ठेवेपर्यंत बाकीचे लपतात, दिसला की नाव घेऊन डबा आपटायचा, आणि नाव चुकलं की परत राज्य. मुलं एकमेकांचे शर्ट बदलून फसवतात, ते ओरडून बंद करू नका, तोच तर खेळ आहे. जागा कमी असेल तर विषामृत, साखळी, लंगडी.

आणि कच्चं लिंबू! चार-पाच वर्षांचं भावंड खेळायला येतं तेव्हा मोठी मुलं वैतागतात, त्यांना ही पद्धत शिकवा, की कच्चं लिंबू सगळ्यात खेळतं, पळतं, लपतं, पण आऊट होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. मला हा आपल्या खेळांमधला सगळ्यात सुंदर नियम वाटतो, लहानाला बाहेर बसवायचं नाही आणि मोठ्यांचा खेळही मोडायचा नाही.

भांडणं होणारच. रक्त आलेलं नाही आणि कुणी एकाच मुलाला सारखं वगळत नाहीये तोपर्यंत मध्ये पडू नका. मात्र एकच मूल रोज एकटं राहतंय असं दिसलं तर गप्प बसू नका, दुसऱ्या दिवशी त्याला भिडू निवडायला लावा, किंवा खेळच त्याच्या घरच्या सामानाने सुरू होईल असं बघा. खेळायच्या वेळात पार्किंगमधून गाड्या हळू काढायची विनंती सोसायटीच्या ग्रुपवर सुट्टीच्या पहिल्याच दिवशी टाका, वॉचमनकाकांनाही सांगून ठेवा, मागे येणाऱ्या गाडीमागे बसलेलं मूल आरशात दिसत नाही.

पायरी ७: सावली गायब होते तो दिवस

हा एक दिवस कॅलेंडरवर आत्ताच लाल करून ठेवा. महाराष्ट्र पूर्ण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे त्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच खाली जाते. दुसऱ्या वेळी जुलै-ऑगस्टचे ढग असतात म्हणून बघायला मिळतो तो मे महिन्यातलाच. दक्षिणेकडून उत्तरेकडे तारीख पुढे सरकत जाते: कोल्हापूरला साधारण ६-७ मे, सोलापूरला १० च्या आसपास, पुण्यात १३-१४, मुंबईत १५-१६, नाशिकला २० च्या आसपास, नागपूरला २६ च्या आसपास. वेळही बारा नाही, मुंबईत साधारण १२ वाजून ३५ मिनिटं, पुण्यात त्याच्या तीन-चार मिनिटं आधी, आणि नागपूर पूर्वेला म्हणून तिथे १२ वाजून १० मिनिटांच्या सुमाराला.

आदल्या आठवड्यापासून रोज त्याच वेळी एक सरळ बाटली किंवा पाइपचा तुकडा गच्चीवर उभा करून खडूने सावलीची लांबी आखत जायचं, पाच मिनिटांचं काम, टोपी घालून, चप्पल घालून. रोज सावली आखूड होताना दिसते आणि त्या दिवशी नाहीशी. वर सूर्याकडे बघायचं नाही, सगळं बघायचं ते जमिनीवर, हे प्रत्येक मुलाकडून वदवून घ्या.

पायरी ८: बाहेर नेताना

आठवड्यातून एकदा बाहेर, आणि एका वेळी एकच ठिकाण. मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र हात लावून बघायच्या गोष्टींचं आहे म्हणून लहान मुलांना पहिलं तेच दाखवा, फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांसाठी वेगळं दालन आहे. राणीची बाग आणि पुण्याचं कात्रजचं प्राणिसंग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात, आणि तिथे सकाळी उघडल्या उघडल्या जायचं, दुपारी प्राणी सावलीत झोपलेले असतात आणि मूल उन्हात चालत असतं. पुण्यातलं केळकर संग्रहालय मला स्वतःला फार आवडतं, कारण त्यात राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा घरातल्या वस्तू जास्त आहेत, दिवे, अडकित्ते, भांडी, आणि मुलांना त्या ओळखता येतात. नागपूरकरांना रमण विज्ञान केंद्र आणि अजब बंगला आहेच. महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणार असाल तर वाटेत भिलार, पुस्तकांचं गाव, २०१७ पासून तिथल्या घराघरांत पुस्तकं मांडून ठेवलीत, कुणीही बसून वाचावं.

संग्रहालयात सगळं दाखवायचा हट्ट नको. वही-पेन्सिल द्या, "आवडलेल्या तीन वस्तूंची चित्रं काढ" म्हणा, तासाभरात बाहेर या.

गावी जाणार असाल तर एसटीने जा, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आणि बायकांनाही अर्धं. मूल खिडकीत बसून स्टँडांची नावं वाचत जातं. पण गावाला एक गोष्ट लक्षात ठेवा, विहीर, तळं, नदी, समुद्र. शहरातल्या मुलांना खोलीचा अंदाज नसतो आणि गावातली भावंडं पोहणारी असतात म्हणून ही पण उतरतात. मोठं पोहणारं माणूस सोबत असल्याशिवाय पाण्याजवळ नाही, हे मामालाही सांगून ठेवा, नुसतं मुलांना नाही.

मोबाईल आणि टीव्ही

याला वेगळी पायरी नाही देत. रोज एकच ठरलेली वेळ, शक्यतो शांत वेळेनंतर, चार ते पाच वगैरे, सगळ्यांनी एकत्र, मोठ्या स्क्रीनवर. बक्षीस म्हणून देऊ नका आणि शिक्षा म्हणून काढूही नका, तसं केलं की दिवसभर त्याचाच सौदा चालतो. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना दिवसाला एक तासाच्या वर नको म्हणते आणि दोनच्या आतल्यांना अजिबातच नको.

ऊन लागलं तर

खेळून आलेलं मूल लाल झालेलं असतं ते वेगळं. पण डोकं दुखतंय, मळमळतंय, लघवी कमी आणि गडद होतेय असं दिसलं तर लगेच सावलीत, कपडे सैल, ओलं फडकं, आणि घोट-घोट ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, मीठ यापेक्षा जास्त नाही. अंग तापलंय आणि मूल बरळतंय, गुंगीत आहे किंवा झटका आला तर तोंडाने काही पाजू नका, अंगावर पाणी मारत, वारा घालत सरळ दवाखाना, नाहीतर १०८ ला फोन. आणि बंद गाडीत मुलाला दोन मिनिटंही ठेवायचं नाही, काच थोडी खाली असली तरी नाही.

शेवटचा आठवडा

जूनचा पहिला आठवडा संपला, मृगाचे ढग यायला लागले की गच्चीवरचं आवरून घ्या. उठायची वेळ बिघडली असेल तर रोज पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे आणा, एकदम शाळेच्या दिवशी नाही. वह्यांना कव्हरं घालायचं काम मुलांनाच द्या, घरी केलेली खळ आहेच. रेनकोट आणि सॅंडल आत्ताच घालून बघा, मागच्या वर्षीचे हमखास आखूड झालेले असतात. कोयींना आलेली रोपं पहिला चांगला पाऊस पडला की मोकळ्या जागेत लावा, खड्डा हातभर खोल, रोप हळू उचलायचं म्हणजे कोयीपासून सुटत नाही, आणि गुरं-बकऱ्या येत असतील तर भोवती काट्या रोवून घ्या.